फिलिपिन्समध्ये मानवाधिकार वकिलांना ‘रेड-टॅगिंग’ची एवढी भीती का वाटते?

कारण रेड-टॅगिंग म्हणजे एखाद्यावर कम्युनिस्ट बंडखोर असल्याचा शिक्का मारणं, आणि एकदा तो बसला की पुरावा कुणी मागत नाही. शेतमजुरांची केस घेतलेल्या वकिलाचा फोटो ‘कम्युनिस्ट बंडखोर’ म्हणून फेसबुकवर फिरतो, अनेकदा सरकारी यंत्रणांच्याच पानांवरून. पुढे पाळत, खटले, कधी थेट हल्ला. नेग्रोस बेटावरचे वकील बेंजामिन रामोस यांचं नाव तर असा शिक्का मारणाऱ्या पोस्टरवर आलं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांना गोळ्या घालून ठार केलं. दहशतवादविरोधी कायद्याला आव्हान देणाऱ्या वकिलांपैकी अँजेलो कार्लो गियेन यांना मार्च २०२१ मध्ये इलोइलोत भोसकलं. ते वाचले. रेड-टॅगिंगमुळे जिवाला धोका होतो, हे मान्य करणारा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे २०२४ मध्ये जाहीर झाला. त्यामुळे संरक्षण मागता येतं, पण शिक्का मारणाऱ्याला त्यातून शिक्षा होत नाही. मला हीच मोठी उणीव वाटते.