गो भाषेतला डिफर सीमध्ये कसा आणायचा?

प्रश्न असा आहे: गोमध्ये फाइल उघडली की पुढच्याच ओळीत डिफर लिहून ती बंद करायची सोय करून ठेवता येते. सीमध्ये मात्र मध्येच बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाटेवर फ्री (मेमरी सोडणारं) आणि एफक्लोज (फाइल बंद करणारं) लिहावं लागतं, आणि एखादं हमखास राहतं. मग डिफर सीमध्ये आणता येईल का?

जीसीसी किंवा क्लँग वापरत असाल तर येईल. दोन्ही कंपायलरांत ‘क्लीनअप’ नावाचं अ‍ॅट्रिब्यूट आहे. ते लोकल व्हेरिएबलला लावायचं आणि त्याला एका फंक्शनचं नाव द्यायचं. त्या व्हेरिएबलचा स्कोप (ते जाहीर केलं तो महिरपी कंसांमधला भाग) संपला की, मग तो रिटर्नने संपो, ब्रेकने की गोटूने, कंपायलर ते फंक्शन स्वतःहून चालवतो. व्हेरिएबलं जाहीर केली त्याच्या उलट क्रमाने आवरली जातात, अगदी डिफरसारखीच. मायक्रोसॉफ्टच्या सी कंपायलरला मात्र हे अ‍ॅट्रिब्यूट कळत नाही. कोड तिथेही चालवायचा असेल तर फंक्शनच्या शेवटी एक लेबल आणि तिथे सगळी आवराआवर, ही गोटूची जुनी पद्धतच ठेवा. ती मुळीच वाईट नाही.

आता पहिली ठेच लागते ती इथे: बहुतेक जण क्लीनअपला थेट ‘फ्री’चं नाव देतात. पण त्या फंक्शनला तुमचा पॉइंटर मिळत नाही, तुमच्या व्हेरिएबलचा पत्ता मिळतो. म्हणजे व्हेरिएबल ‘कॅर स्टार’ असेल तर फंक्शनच्या हाती ‘कॅर स्टार स्टार’ येतो. थेट फ्री दिलंत तर ते स्टॅकवरचा पत्ता मोकळा करायला जातं आणि प्रोग्राम कोसळतो. म्हणून मध्ये चार ओळींचं एक मदतनीस फंक्शन हवं: आलेल्या पत्त्यावरचा पॉइंटर काढायचा आणि तो फ्रीला द्यायचा. त्याचा पॅरामीटर ‘व्हॉइड स्टार’ ठेवलात तर मॅलॉकने घेतलेल्या कुठल्याही प्रकारच्या पॉइंटरला एकच मदतनीस पुरतो. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) आणि जीलिब (सीची एक लायब्ररी) या दोन्हींत हीच युक्ती आहे. हे फंक्शन ‘स्टॅटिक इनलाइन’ करून हेडर फाइलमध्ये ठेवा आणि लांबलचक अ‍ॅट्रिब्यूटला छोट्या नावाचा मॅक्रो करा.

फाइलसाठी वेगळा मदतनीस लिहा. फ्रीला नल (रिकामा पॉइंटर) दिलेला चालतो, एफक्लोजला चालत नाही, तेव्हा आधी नल तपासायचा. फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलला सिस्टमने दिलेला क्रमांक) असेल तर सुरुवातीची किंमत उणे १ ठेवायची, कारण ० हा खराखुरा डिस्क्रिप्टर आहे. शिवाय मदतनीसात शिरताच एरनो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) बाजूला ठेवून बाहेर पडताना परत भरा, नाहीतर मूळ चूक कोणती होती ते आवराआवरीतच पुसलं जाईल.

जाहीर करतानाच नल भरणं ही इथली सर्वांत महत्त्वाची शिस्त. व्हेरिएबल रिकामं जाहीर केलं, दोन ओळींनी रिटर्न आलं आणि मॅलॉक त्याच्याही खाली असेल, तरी क्लीनअप चालतोच आणि त्याच्या हाती कचरा लागतो.

पॉइंटर बोलावणाऱ्याला परत द्यायचा असतो तेव्हाही अशीच गफलत होते. रिटर्नची किंमत आधी काढली जाते, मग क्लीनअप चालतो, आणि बोलावणाऱ्याला मोकळी झालेली मेमरी मिळते. उपाय सोपा आहे: पॉइंटर दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, मूळ जागी नल भरा आणि दुसरा परत द्या. जीलिबमध्ये याला ‘जी स्टील पॉइंटर’ म्हणतात, सिस्टमडीत ‘टेक पीटीआर’.

गोची सवय असलेल्यांनी दोन फरक नीट समजून घ्यावेत. गोचा डिफर पूर्ण फंक्शन संपल्यावर चालतो, क्लीनअप मात्र महिरपी कंस बंद होताच. लूपमध्ये फाइली उघडत असाल तर सीमधलं वागणं जास्त सोयीचं आहे, कारण गोमध्ये त्या सगळ्या फंक्शन संपेपर्यंत उघड्या राहतात. दुसरा फरक जास्त फसवा आहे. गोमध्ये कोणती फाइल बंद करायची हे डिफरच्या ओळीवरच ठरतं. सीमध्ये मदतनीसाला व्हेरिएबलचा पत्ता मिळतो, म्हणून त्यात शेवटी जे असेल ते बंद होतं. त्याच व्हेरिएबलमध्ये नंतर दुसरी फाइल उघडलीत तर गो पहिली बंद करील आणि सी दुसरी, उरलेली गळेल. म्हणून एका व्हेरिएबलमध्ये एकच फाइल.

एक्झिट किंवा लाँगजंपने (फंक्शनबाहेर थेट उडी मारून) बाहेर पडलात तर क्लीनअप चालत नाही. (गोमध्येही ओएस पॅकेजमधल्या एक्झिटने डिफर चालत नाहीतच.)

लिहिण्यासाठी उघडलेली फाइल मी कधीच फक्त क्लीनअपवर सोडणार नाही. बफरमधला शेवटचा मजकूर डिस्कवर जाताना चूक झाली तर ती एफक्लोजच्या परत आलेल्या किमतीतच कळते, आणि मदतनीसाला ती तुमच्यापर्यंत पोचवायला वाट नसते. यशाच्या वाटेवर एफक्लोज स्वतः बोलवा, व्हेरिएबलमध्ये लगेच नल भरा, आणि मग परत आलेली किंमत तपासा. क्लीनअप चुकीच्या वाटांपुरता राहू द्या.

डिफर नावाचा, आत कुठलाही कोड घेणारा मॅक्रोही बनवता येतो, पण त्यासाठी जीसीसीत फंक्शनच्या आत फंक्शन लागतं आणि क्लँगमध्ये ब्लॉक्स, म्हणजे त्याची तशीच पण वेगळी सोय. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. त्यापेक्षा प्रकारागणिक मदतनीस बरे. लिनक्स कर्नलनेही २०२३ मध्ये, ६.५ आवृत्तीत, याच अ‍ॅट्रिब्यूटवर उभे केलेले मॅक्रो घेतले.

जुन्या कोडमध्ये हे घालताना एक फंक्शन पूर्ण बदला, मगच दुसऱ्याला हात लावा. एकाच फंक्शनमध्ये गोटूची आवराआवर आणि क्लीनअप एकत्र ठेवू नका. गोटूने क्लीनअप असलेल्या व्हेरिएबलच्या जाहीर ओळीवरून उडी मारली आणि तिचं लेबल त्याच स्कोपमध्ये असलं, तर क्लँग तिथेच एरर देऊन थांबतो. जीसीसी मात्र ते मुकाट्याने कंपाइल करतो आणि कचऱ्यावर फ्री चालवतो. म्हणून रोजचा कंपायलर जीसीसी असला तरी बदललेली फाइल क्लँगनेही एकदा कंपाइल करून बघा, आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून प्रत्येक चुकीची वाट मुद्दाम एकदा चालवा.