राहिलेलं एक वर्ष आणि ‘एका वर्षात बी.कॉम.’

पदवी अर्धवट सुटलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकींचं एकच म्हणणं असतं: “मॅडम, शेवटचंच वर्ष राहिलंय, तेवढं कुठून करता येईल?” लग्न, बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण अशी कारणं वेगवेगळी. सुटतं मात्र नेमकं शेवटचं वर्ष.

या ताई त्यांतल्याच. (ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय तिशीच्या पुढे, तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत लिपिक. एस.वाय.बी.कॉम. झालं आणि लग्न ठरलं, त्याला आता दहाएक वर्षं उलटून गेलेली. संस्थेत वरची जागा निघणार होती आणि तिला पदवीची अट होती. सोबत त्यांचे यजमान, आणि यजमानांच्या मोबाइलवर एका एजंटाचा मेसेज: एका वर्षात बी.कॉम., मागच्या तारखेच्या गुणपत्रिका, परीक्षेला यायची गरज नाही. पैसे निम्मे आधी, निम्मे नंतर.

“दोन वर्षं तर तिने खरंच केलीयेत ना? मग एवढं काय बिघडलं?” यजमान म्हणाले. माणूस लबाड नव्हता. बायकोचं काम व्हावं, एवढंच त्याच्या मनात होतं. मी विचारलं, ही पदवी देणार कोण? एजंट? कॉलेजसुद्धा पदवी देत नाही, ते फक्त शिकवतं. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना आणि तशा मोजक्या संस्थांनाच आहे, हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात लिहिलेलं आहे. बोगस विद्यापीठांची यादी आयोग स्वतः जाहीर करतो. आणि संस्थेने उद्या प्रमाणपत्र पडताळणीला पाठवलं तर वरची जागा राहू द्या, आहे ती नोकरीही जाईल, गुन्हा दाखल होईल तो ताईंच्या नावावर. लवकर पदवी संपवण्याची रीतसर सोय आयोगाने अलीकडे ठेवली आहे, पण तीन वर्षांच्या पदवीत ती फार तर एका सत्राची. तीन वर्षांचं एक करणारा धंदा वेगळाच.

ताईंनी पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढली. एफ.वाय., एस.वाय.च्या गुणपत्रिका लॅमिनेट केलेल्या, त्यामागे जुनं ओळखपत्र. अकाउंटन्सीत ऐंशीच्या पुढे गुण! त्या मूळ विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जाऊन विचारून या, असं मी सांगितलं. कारण अशा बाबतीत शेवटचा शब्द विद्यापीठाचा असतो, माझा नाही. उत्तर आलं ते नको होतं तेच: तो जुना अभ्यासक्रम बंद झाला, मुदतही संपली, पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करा.

“म्हणजे ती दोन वर्षं पाण्यात?” पुढच्या भेटीत ताई रडल्या. मी रडू दिलं. कागदावर ती वर्षं गेलीच होती, उगाच गोड बोलण्यात अर्थ नव्हता. आज शिकणाऱ्यांचं तसं होत नाही. त्यांचे क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या अभ्यासाचं माप, शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा राहतात, साधारण सात वर्षं चालतात. पहिल्या वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, ठरलेल्या मुदतीत परत येता येतं. पण एक वर्षाचं ते प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे, हे पालकांना मला वरचेवर सांगावं लागतं. पदवीची अट असलेल्या जागेला ते चालत नाही.

मग आम्ही कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून हिशोब मांडला. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, म्हणजे वर्षाला ४०. एका क्रेडिटला वाचन, स्वाध्याय, परीक्षा सगळं धरून ३० तास. वर्षाचे झाले १२०० तास, आठवड्याला साधारण चोवीस. ताई हसल्याच. पहाटे एक तास, एसटीत जाता-येता पाऊण तास, रविवारी चार-पाच. कसंबसं ओढून पंधरा भरले. पण रोज खतावणी लिहिणाऱ्या बाईला जमाखर्चाच्या विषयाला कॉलेजच्या पोराएवढा वेळ कशाला लागेल? तेवढी सूट मी माझ्या अधिकारात दिली. आणि तीन वर्षांत नाहीच जमलं तर थोडा जास्त काळ लागेल, विद्यापीठं तेवढी मुभा देतात. यजमान म्हणाले, “रविवारचा स्वयंपाक मी बघतो.” ‘बघतो’वर माझा विश्वास नाही. तेही त्या पानावर लिहून घेतलं.

नोकरी सोडून रोज कॉलेज शक्य नव्हतं. राहिला मुक्त विद्यापीठाचा मार्ग. आपल्याकडे नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. वयाची आडकाठी नाही, अभ्यासकेंद्र तालुक्यातच. “पण बाहेरून केलेल्या डिग्रीला कोण विचारतं?” हे ताईंच्या जाऊबाईंचं मत. आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. सरकारी स्पर्धा परीक्षांनाही ती चालते. फक्त प्रवेशाआधी तो अभ्यासक्रम त्या वर्षी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या यादीत आहे ना, ते स्वतः बघायचं, केंद्रावरच्या माणसाच्या तोंडी शब्दावर राहायचं नाही. संस्थेच्या सेवानियमात ‘पदवीधर’ एवढंच लिहिलंय की आणखी काही, तेही ताईंनी सचिवांकडून लेखी घेतलं. पैसे भरायच्या आधी हे करणारे फार थोडे असतात.

चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी करू का, हेही त्यांनी विचारलं. बढतीसाठी तीन वर्षांची पदवी पुरते. पुढे एम.कॉम. करायचं मनात आलं तर तीन वर्षांनंतर ते दोन वर्षांचं, चारनंतर एका वर्षाचं. ते तेव्हा ठरवता येईल.

ती जागा यंदा दुसऱ्याला मिळाली. ताईंनी प्रवेश मात्र घेतला. पहिल्या सत्राचा निकाल लागला त्या दिवशी फोन आला, अर्थशास्त्राचा पेपर राहिला होता. “मॅडम, परत वर्ष गेलं का हो?” वर्ष गेलं नव्हतं. तेवढा एक पेपर पुढच्या परीक्षेला पुन्हा द्यायचा, त्याचा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि त्याची तारीख चुकवायची नाही, एवढंच मी सांगितलं.