लायनर झिजले, बिल थकलं

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. चंदगड तालुक्यातल्या एका खडी क्रशरला ४०० ब्रिनेलच्या (ब्रिनेल म्हणजे कठीणपणाचं माप) प्लेटचे हॉपर आणि चूटचे लायनर, म्हणजे झीज सोसणारं अस्तर, करून दिले, सोबत काही प्लेटा न कापता तशाच दिल्या. बिल ११ लाख ८० हजार, आले ४ लाख. ऑर्डरवर ९० दिवसांची उधारी आणि ‘वाद कोल्हापूर कोर्टात’ असं लिहिलंय. माल नोव्हेंबरात पोचला. मार्चमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: लायनर झिजले, लॅबमध्ये ३१० भरले, बाकी मिळणार नाही. फसवणुकीची फिर्याद देऊ का?

उत्तर: फिर्यादीचं डोक्यातून काढा. बुडवायचा हेतू ऑर्डर देतानाच होता, हे सिद्ध करावं लागतं. ज्याने ४ लाख मोजले त्याच्याबाबत ते जमणं कठीण. ठाण्यात चार चकरा मारून ‘हे दिवाणी आहे’ एवढंच ऐकून याल.

कायद्याकडे वळण्याआधी ते ३१० कुठून आले हे मला कळायला हवं. ४०० ची प्लेट साधारण ३७० ते ४३० मध्ये बसते, म्हणजे तफावत मोठी आहे. पण ही प्लेट पाणी देऊन कठीण केलेली असते. गॅसने कापली की कडेची पट्टी पुन्हा तापते आणि मऊ पडते. लॅबला दिलेला नमुना कडेचा, किंवा गॅसने काढलेला लहान तुकडा असेल, तर ३१० वरून अख्ख्या प्लेटबद्दल काही सिद्ध होत नाही. मात्र हेच तुमच्यावरही उलटतं. अरुंद लायनर तुमच्याकडेच गॅसने कापले असतील, तर दोष तुमच्या पदरात येतो. वकिलापाशी तरी हे लपवू नका. आणि मधला भागच मऊ निघाला, तर टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलाद ओतलं त्या घाणाचा नंबर) प्लेटवरच्या नंबराशी जुळवून ज्याच्याकडून माल घेतला त्याला धरा.

आता कायदा. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असं धरतात. इथे चार महिने गेले, लायनर बसवून वापरलेही. त्यामुळे माल परत घ्या म्हणायचा हक्क त्यांनी गमावला. पण दर्जा खरोखर कमी असेल तर माल विक्री कायदा, १९३० खाली ते किंमत कमी करून मागू शकतात. म्हणून १५ दिवसांच्या मुद्द्यावर सगळा डाव लावू नका.

९० दिवसांची उधारी ठरली असली तरी या कायद्यात कमाल मुदत ४५ दिवसांची. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. कोल्हापूर कोर्टाच्या अटीने घाबरू नका. पुरवठादार जिथे, तिथली सुविधा परिषद (याच कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणारी सरकारी परिषद) वाद ऐकते, म्हणजे तुमच्यासाठी कर्नाटकातली. खाजगी करारापेक्षा हा कायदा वरचढ, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाकाली फूड्स प्रकरणात सांगितलं. त्याच निकालात एक मेखही आहे: करारावेळी नोंदणी नसेल तर हा लाभ मागता येत नाही. तुमच्या उद्यम नोंदणीची, म्हणजे लघुउद्योग म्हणून झालेल्या सरकारी नोंदणीची, तारीख ऑर्डरच्या आधीची आहे ना, ते आजच बघा.

न कापता दिलेल्या प्लेटांचं बिल वेगळं काढा. तो व्यापार झाला, उत्पादन नव्हे, म्हणून या कायद्यात बसेलच असं नाही, आणि समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवेल. त्या रकमेसाठी दिवाणी दावा करावा लागू शकतो; मुदत ३ वर्षांची. लायनर जागेवर बसवून देण्याचे पैसे त्याच बिलात असतील तर तेही सांगा, कारण ‘हे कामाचं कंत्राट, मालाचा पुरवठा नव्हे’ असा बचाव येतो.

परिषद आधी तडजोड करून बघते, नाही जमली तर लवाद. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि त्यांना तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. क्रशरवाले तडजोडीला बसतात ते बहुधा हे कळल्यावर.

अर्ज इंग्रजीत करा. मराठीत झालेलं चॅट जसंच्या तसं जपा, वर इंग्रजी भाषांतर जोडा. बेळगावात घरचं बोलणं एका भाषेत, व्यवहार दुसऱ्या आणि कोर्टाचा कागद तिसऱ्या, हे काही तुमच्या एकट्याचं दुखणं नाही. ई-वे बिल आणि पोच असलेलं चलन सोबत हवंच.

आणि झिजलेले लायनर भंगारात जायच्या आत नोटीस द्या: ते जपून ठेवा, दोघांसमोर मधल्या भागातून, गॅस न लावता नमुना काढू, तो दोघांना मान्य असलेल्या लॅबला देऊ. नोटिशीत पैशाचं त्यानंतर लिहा.