वाचकांचे प्रश्न : लेक निघालाय बुर्किना फासोला

प्रश्न : माझा मुलगा गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात फिटर आहे. सरकी तेलाच्या मशिनी बसवायला कंपनी त्याला चार महिने आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात पाठवतेय. नकाशात बघितलं तर देशाला समुद्रच नाही. जायचं कसं, खायचं काय, तब्येतीचं काय? तुम्ही तिकडं राहून आलाय, म्हणून विचारते.
— एक आई, पाचगाव

उत्तर : ताई, २०१३ साली अशाच कामासाठी मी तिथल्या बोबो-दिउलासो गावात राहिलो होतो. तुमचं पत्र वाचून माझी आईच आठवली.

सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस. बाकीचं सगळं त्यानंतर. मी लस घेतली आणि आठव्या दिवशी मुंबई विमानतळावर जाऊन उभा राहिलो. काउंटरवरच्या मुलीनं लशीचं पिवळं पुस्तक उघडलं, तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "दोन दिवस कमी पडतात." टोचल्यापासून दहा दिवसांनी तो दाखला लागू होतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बॅगा घेऊन महालक्ष्मीनं परत कोल्हापूरला आलो. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. त्याला अंड्याची ॲलर्जी असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. एकदा घेतली की जन्मभर पुरते. दाखला हरवला तर परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, म्हणून तो पासपोर्टमध्येच असू दे.

मलेरिया तिथं बाराही महिने आहे, पावसात जास्त. गोळ्या डॉक्टरांना विचारून इथूनच सुरू करायच्या आणि मच्छरदाणी सोबत द्यायची. आणि हे मात्र विसरू नका : परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'मी आफ्रिकेतून आलोय' हेच सांगायला लावा.

व्हिसासाठी त्यांचा दूतावास दिल्लीत आहे. जाताना मुंबईहून आदिस अबाबामार्गे राजधानी वागाडुगूला पोचता येतं. पैसा म्हणजे सेफा फ्रँक. शेजारच्या माली, नायजर, बेनिन, टोगो, आयव्हरी कोस्टमध्येही हेच चलन चालतं. एका युरोला ६५५.९५७ फ्रँक हा दर बांधलेलाच आहे, म्हणून सोबत युरो द्या. आपला चार्जर तिथल्या विजेवर चालतो, फक्त तीन पिनांचा असेल तर दोन गोल पिनांचा ॲडॉप्टर लागतो. घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. तुम्ही रात्री साडेनऊला फोन केलात, तर तिथं दुपारचे चार वाजलेले असतील.

खाण्याची काळजी सोडा. तिथं ज्वारीच पिकते, आपलीच ज्वारी! तिची भाकरी नाही करत, पीठ उकळत्या पाण्यात लाकडी दांड्यानं घोटून घट्ट उकड करतात. तिला 'तो' म्हणतात. सोबत भेंडीचं बुळबुळीत कालवण. पहिल्या दिवशी माझ्या घशाखाली उतरेना. आठवड्यात सवय झाली. दुपारच्या सुट्टीत कामगार एका मोठ्या भांड्याभोवती बसायचे, सगळे उजव्या हातानं जेवायचे आणि मला बोलावल्याशिवाय घास उचलायचे नाहीत. चटणीची बरणी तेवढी द्या, ती त्यांनाही आवडते.

आता जे लिहायला जड जातंय ते. मी होतो तेव्हाचा देश आज राहिलेला नाही. २०१५ नंतर तिथं दहशतवादी हल्ले वाढत गेले आणि २०२२ मध्ये तर एका वर्षात दोनदा लष्करी उठाव झाले. उत्तर आणि पूर्व भागात प्रवास जिवावर बेतू शकतो. जिबोसारखं गाव वेढ्यात अडकून पडलंय. म्हणून कंपनीकडून मशीन कुठल्या गावात बसणार ते लेखी घ्या. गाव उत्तरेत किंवा पूर्वेत असेल, तर नोकरीचा विचार न करता नाही म्हणा. वागाडुगू किंवा बोबो असलं, तरी शहरांबाहेर रस्त्यानं जायचं नाही आणि पोचल्याबरोबर वागाडुगूतल्या भारतीय दूतावासात नाव नोंदवायचं. फ्रेंच चार वाक्यं शिकू दे, पण सकाळी कामगारांना दिउला भाषेत 'इनि सोगोमा' म्हटलं की त्यांचे चेहरे खुलतात.

प्रश्न : आजोबांच्या संग्रहात 'ओत-व्होल्टा' छापलेलं टपाल तिकीट सापडलं. हा देश कुठे गेला?
— कॉलेज विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : वरच्या ताईंचा मुलगा निघालाय तोच हा देश! व्होल्टा नदीच्या वरच्या अंगाचा म्हणून फ्रेंचांनी ठेवलेलं ते नाव. १९६० ला स्वातंत्र्य मिळालं तरी नाव तेच राहिलं. ऑगस्ट १९८४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थॉमस सांकारा यांनी ते बदललं. 'बुर्किना' हा मोरे भाषेतला शब्द, म्हणजे ताठ मानेची, सचोटीची माणसं. 'फासो' दिउलातला, म्हणजे वडिलांचं घर. आणि तिथल्या माणसाला म्हणतात बुर्किनाबे. त्यातला 'बे' आला तिसऱ्या, फुलफुल्दे भाषेतून.