टेम्पो ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन करतोय. घरासारखंच गॅस आणि लाइटचं फिटिंग चालेल का?

नाही चालणार. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये शेगडी, फ्रिज, इन्व्हर्टर बसवून घरच्यांना फिरवायचंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगतो. मी संभाजीनगरला वायरिंगची कामं करतो. अशा तीन गाड्या केल्या. पहिलीत चुका करूनच शिकलो.

एलपीजी हवेपेक्षा जड. गळाला की गाडीच्या तळाशी बादलीत पाणी साठावं तसा साठतो, आणि बर्थवर झोपलेल्याचं नाक वर असतं. म्हणून सिलिंडरला वेगळा कप्पा करा: आतून हवाबंद, दार फक्त बाहेरून, तळाला थेट रस्त्याकडे उघडणारं भोक. पहिल्या गिऱ्हाइकानं धूळ येते म्हणून त्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला होता! त्याचंही चूक म्हणवत नाही, मे महिन्यातला आपला फुफाटा तुम्हाला माहीतच आहे. आता मी जाळी लावूनच देतो. सिलिंडर उभाच बांधा, गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद ठेवा. शेगडी ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारी घ्या. खड्ड्यांतून आल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा, काडी ओढून बघू नका. आणि एसी लावून, काचा बंद करून स्वयंपाक अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मला जास्त धास्ती करंटची. गाडी उभी राहते शेतात, आणि पाहुणे हौसेनं विहिरीच्या पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरमधून वायर काढून देतात. तिथे तीन फेज. न्यूट्रल समजून दुसऱ्या फेजला टोक लागलं की २३० ऐवजी ४१५ व्होल्ट. त्यात उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, मग अर्थिंग नावालाच. गाडी रबरी टायरवर उभी, त्यामुळे बॉडीत करंट उतरला तरी आत बसलेल्याला पत्ता नसतो. उतरताना हात दांडीला आणि पाय ओल्या मातीत पडला, की बसतो झटका.

तेव्हा जोडण्याआधी मीटर लावून व्होल्टेज बघा. गाडीत करंट शिरतो तिथेच ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा एमसीबी (जास्त लोड आला की लाइन तोडणारा स्विच) बसवा, अर्थची वायर बॉडीला नट-बोल्टनं घट्ट जोडा. शेतातल्या अर्थिंगवर विसंबू नका. इन्व्हर्टरच्या पुढे दुसरा आरसीसीबी लागतो. इन्व्हर्टरचा न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसेल तर करंट गळाला तरी तो आरसीसीबी पडत नाही, म्हणजे लाइन तोडत नाही. पण न्यूट्रल असा जोडण्याआधी इन्व्हर्टरचं माहितीपत्रक वाचा, सगळ्या इन्व्हर्टरना ते चालत नाही. वायर बहुतारी घ्या, एकतारी हादऱ्यानं तुटते. पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच. बॅटरीचा फ्यूज बॅटरीलगतच.

कागदाचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ (ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड, म्हणजे वाहनांचं भारतीय मानक) आहे. सुताराला बोलावण्याआधी आरटीओत जाऊन या, नाहीतर केलेलं फर्निचर उचकटावं लागतं.