केझिकला आठवडाभर राहायचंय, गाडी लागेल का?

प्रश्न: ताई, आम्ही दोघं साताऱ्याचे, दोघंही रिटायर. मुलगी लंडनला असते, एप्रिलमध्ये तिच्याकडं जाणारोय आणि त्यातला एक आठवडा आमचा आम्ही इंग्लंडच्या उत्तरेकडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक गावी काढावा असं चाललंय. ह्यांना तिकडं गाडी चालवायची नाही, माझे गुडघे दुखतात, आणि आम्ही शाकाहारी. एकाच गावात सात दिवस जास्त होतात का, आजूबाजूची दोन-तीन गावं जोडू का? मुलीला कंदी पेढे पण न्यायचेत.
– एक वाचक, सातारा

उत्तर: काही जोडू नका, हे आधी सांगते. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही सात दिवसांत चार गावं केली आणि निम्मा वेळ बॅगा भरण्यात आणि स्टेशनवर गेला, अजून वाईट वाटतं त्याचं. दुसऱ्यांदा केझिकलाच राहिलो, तेव्हा कुठं ते गाव कळलं.

गाडी लागत नाही. लंडनच्या यूस्टन स्टेशनवरनं पेनरिथला ट्रेननं साधारण तीन तास, केझिकची स्वतःची रेल्वे १९७२ लाच बंद झाली, त्यामुळं पुढं पेनरिथ स्टेशनवरनं एक्स ४ किंवा एक्स ५ बस. आणि ती बंद झालेली रेल्वेलाइनच तुमच्या गुडघ्यांसाठी सोन्यासारखी आहे बघा! रूळ काढून तिथं थ्रेलकेल्ड गावापर्यंत पायवाट केलीये, सुमारे ५ किलोमीटर, चढ जवळजवळ नाहीच, नदी सारखी सोबतीला. २०१५ च्या वादळात तिच्यावरचे पूल वाहून गेले होते, ते नव्यानं बांधून २०२० मध्ये वाट परत सुरू झाली. जमेल तेवढं चाला आणि मागं फिरा.

डरवेंटवॉटर तलाव बाजारपेठेपासून चालत दहा मिनिटांवर. आपल्या वेण्णा लेकसारखी एक फेरी मारून परत, असं नाही तिथं, लाँच तलावाभोवती धक्क्या-धक्क्यावर थांबते, एका धक्क्यावर उतरायचं, काठानं थोडं चालायचं, पुढच्या धक्क्यावर परत चढायचं. ह्यांना डोंगर हवा असेल तर हॉज एंडला उतरून कॅटबेल्स, ४५१ मीटर, पण शेवटी खडकावर हात टेकून चढावं लागतं, तुम्ही खालीच थांबा. त्या दिवसांत कुरणात मेंढ्यांची नुकती झालेली कोकरं असतात, मी तर तासभर नुसती बघत बसले होते.

गुरुवारी आणि शनिवारी चौकात बाजार भरतो, गावाला बाजाराची सनद मिळाली १२७६ साली. पाऊस आला की पेन्सिल म्युझियम, कारण जवळच्या बॉरोडेल खोऱ्यात ग्रॅफाइट सापडलं आणि त्यावरच इथला पेन्सिलचा धंदा उभा राहिला. आणि पाऊस येणारच, त्याच खोऱ्यातलं सीथवेट म्हणजे इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण. महाबळेश्वरच्या मानानं कमीच, पण तो बारा महिने पडतो आणि गार असतो, म्हणून छत्रीपेक्षा टोपीचं रेनकोट घ्या. एक दिवस ५५५ बसनं ग्रासमिअरला जा, वर्ड्सवर्थ कवीचं घर आहे तिथं.

इस्टरच्या सुट्टीत गर्दी आणि भाडं दोन्ही वाढतं, त्यामुळं शाळा सुरू झाल्यावर, एप्रिलच्या शेवटी जा. हॉटेलपेक्षा किचनवालं कॉटेज बघा, बरीचशी शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार अशीच मिळतात, तेव्हा ट्रेनचं तिकीट त्यानंतर काढा. बाहेर शाकाहारी मिळतं, पण रोज जॅकेट बटाटा, म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, खाऊन कंटाळा येतो, आपला डाळ-भात खोलीवर झाला तर बरं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, उत्तराला साधारण तीन आठवडे लागतात, उशीर करू नका.

पेढे मात्र नाही नेता येत. भारतातनं दुधाचे पदार्थ तिकडं न्यायला बंदी आहे, त्यात खवा आला, तूपही आलं, विमानतळावर काढून घेतात. भडंग न्या, शेंगदाण्याची चटणी न्या. पेढे ती सुट्टीला आली की खाईल.