‘बहिष्कार’ आणि अमेरिकेतील वसाहती

प्रश्न असा आला आहे : ‘अमेरिकेतील वसाहतींच्या लढ्याबद्दल मराठीत लिहिताना “1768 मध्ये बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार टाकला” असे सर्रास लिहिले जाते. बॉयकॉट हा शब्द तर 1880 मधला आहे. मग हा कालविपर्यास होत नाही का? त्याऐवजी “आयातबंदी” लिहावे का?’

ही शंका इंग्रजीपुरती रास्त आहे. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यातील एका जमीनदाराचा कारभारी होता. 1880 मध्ये कुळांनी आणि मजुरांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले, पीक उभे असताना कापणीला कोणी येईना, आणि त्याच्या आडनावाचेच क्रियापद झाले. 1768 मधील बोस्टनकराच्या तोंडी ते घालणे चूकच ठरेल. पण मराठी ‘बहिष्कार’ त्या आडनावाच्या पोटी जन्मलेला नाही. ‘बहिस्’ म्हणजे बाहेर, त्याला ‘कृ’ धातू जोडून हा संस्कृत शब्द बनला आणि आपल्याकडे तो जातीबाहेर, पंक्तीबाहेर काढण्यासाठी फार पूर्वीपासून रुळला. बंगालच्या फाळणीनंतर, 1905 मध्ये, टिळक आणि त्यांचे सहकारी विलायती मालावर बहिष्कार घालण्याचे आवाहन करू लागले, तेव्हा या जुन्या शब्दाला नवे काम मिळाले. पहिला अर्थ तरीही पुसला गेला नाही, डॉ. आंबेडकरांनी 1924 मध्ये स्थापन केलेल्या ‘बहिष्कृत हितकारिणी सभे’च्या नावात तो धगधगीतपणे उभा आहे.

‘आयातबंदी’ मला मान्य नाही. बंदी घालतो तो ज्याच्या हाती सत्ता आहे तो, आणि बोस्टनच्या व्यापाऱ्यांपाशी नेमकी तीच नव्हती. फ्रान्सशी झालेल्या सप्तवार्षिक युद्धात (1756–63) ब्रिटनचे कर्ज जवळपास दुप्पट झाले होते. त्याचा काही भार वसाहतींवर टाकावा म्हणून 1765 मध्ये मुद्रांक कायदा आला आणि वर्तमानपत्रे, न्यायालयीन कागद, परवाने, इतकेच काय पण पत्त्यांचे जोडसुद्धा कराखाली आले. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही तिने आपल्यावर कर बसवणे वसाहतींना अमान्य होते. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल मागवणे थांबवले, लंडनच्या व्यापाऱ्यांना त्याची झळ बसू लागली, त्यांनीच पार्लमेंटकडे गाऱ्हाणे नेले आणि मार्च 1766 मध्ये कायदा रद्द झाला. पुढच्याच वर्षी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली, तेव्हा बोस्टनकरांनी हेच हत्यार पुन्हा उचलले. 1 ऑगस्ट 1768 च्या त्यांच्या करारात 1 जानेवारी 1769 पासून वर्षभर ब्रिटनमधून माल न मागवण्याचे ठरले. मीठ, कोळसा, मासे धरण्याचे गळ, लोकर पिंजण्याच्या फण्या अशा अडणाऱ्या वस्तू तेवढ्या वगळल्या होत्या. ही आपखुशीने घेतलेली शपथ होती, तिच्यामागे कायद्याचा दंडुका नव्हता. म्हणून कराराच्या मजकुराबद्दलच बोलायचे असेल, तर ‘माल न मागवण्याचा करार’ असे सरळ लिहावे.

शपथ मोडणाऱ्याचे काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला, आणि ‘बहिष्कार’ या शब्दाची खरी योग्यता इथे कळते. करार न मानणाऱ्या व्यापाऱ्यांची नावे बोस्टनच्या वर्तमानपत्रात छापली गेली. विल्यम जॅक्सन नावाच्या दुकानदाराविरुद्ध पत्रके निघाली, त्यांत त्याच्या दुकानाचा ठावठिकाणा देऊन त्याच्याकडून एकही वस्तू घेऊ नये, अशी विनंती ‘स्वातंत्र्याच्या पुत्रांना आणि कन्यांना’ केलेली होती. वाळीत टाकणे म्हणतात ते हेच. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे, टिळक आदींवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले, तेव्हाही चहाला गेलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली होती. कारणे अगदी वेगळी असली, तरी माणसाला समाजाबाहेर उभे करण्याची रीत तीच, आणि तिच्यासाठी मराठीकडे शब्द तयार होता.

थिऑफिलस लिली हा असाच एक बोस्टनचा दुकानदार. जानेवारी 1770 मध्ये त्याने जाहीरपणे लिहिले की, ज्यांचा पत्ता लागत नाही आणि ज्यांना काय हवे ते कळत नाही अशा शेकडो धन्यांपेक्षा एकाच धन्याची गुलामी मला परवडेल. हे वाक्य मला अस्वस्थ करते, कारण स्वातंत्र्याच्या नावाने चाललेल्या दडपणाची बाजू त्यात दिसते. 22 फेब्रुवारीला मुलांच्या जमावाने त्याच्या दुकानासमोर, दुकानाकडे बोट दाखवणारी खूण उभी केली. शेजारी राहणारा, जकात खात्याचा खबऱ्या एबेनेझर रिचर्डसन ती पाडायला गेला. लोकांनी त्याच्या घरावर दगडफेक केली, खिडक्या फोडल्या. त्याने आतून बंदूक झाडली आणि ख्रिस्तोफर सायडर नावाचा सुमारे अकरा वर्षांचा मुलगा त्यात गेला. त्याच्या अंत्ययात्रेला सारे शहर लोटले. आठवड्याभरातच, 5 मार्चला, ब्रिटिश सैनिकांच्या गोळ्यांनी बोस्टनमध्ये पाच जण मेले. या सगळ्याला ‘आयातबंदी’ म्हटले, तर ती खूण, ती छापलेली नावे आणि तो मुलगा शब्दाबाहेरच राहतात.

ऑक्टोबर 1774 मध्ये फिलाडेल्फियाला भरलेल्या, वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने या प्रथेला लेखी रूप दिले. 1 डिसेंबरपासून ब्रिटिश माल घ्यायचा नाही, गावोगावी समित्या नेमायच्या, करार मोडणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात जाहीर करायचे आणि त्याच्याशी सर्व व्यवहार तोडायचे, असे त्या ठरावात आहे. मालावर बहिष्कार आणि माणसावर बहिष्कार ही दोन्ही अंगे तिथे एकाच कागदावर येतात. मराठीत दोहोंना ‘-वर बहिष्कार टाकणे’ किंवा ‘घालणे’ चालते. ‘बहिष्कृत’ हे विशेषण मात्र माणसासाठीच राखावे. ‘बहिष्कृत चहा’ कानाला खटकतो, तो याच कारणाने.

चहाचे नाव निघालेच आहे, म्हणून आणखी एक भेद सांगतो. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या 342 पेट्या फोडून पाण्यात टाकल्या गेल्या. तो बहिष्कार म्हणता येणार नाही, ती मालाची नासधूस होती; त्या काळचे लोकही ‘चहाचा नाश’ असेच म्हणत आणि ‘टी पार्टी’ हे नाव कित्येक दशकांनी रूढ झाले. त्याउलट 1770 मध्ये बोस्टनमधील तीनशेहून अधिक गृहिणींनी चहा न पिण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या, त्याला बहिष्कार हाच शब्द हवा. तेव्हा प्रश्नातले वाक्य मी बदलणार नाही, फक्त थोडे वाढवीन : ‘1768 मध्ये बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार टाकला, आणि तो न पाळणाऱ्या दुकानदारांवर गावाने.’